गोष्टीचें नाटक करतांना

कथेचें नाटक करणें हें काम सोपें आहे, अशी समजूत आमच्या महाविद्यालयीन नाट्यमंडळांतून फार रूढ आहे. नवें नाटक लिहावयाचें म्हणजे कथानक हवें, पात्रें हवींत, संवाद हवेत. कथेंत हीं सर्व आयतींच मिळतात, मग उरलें काय? विद्यार्थी कथासंग्रह हातीं घेतो, अवतरणचिन्हांतील मजकुराखालीं पेन्सिलीनें रेघा ओढतो, रेघेवांचून राहिलेला मजकूर 'वर्णन' म्हणून बाजूला सारतो, आणि सायंकाळपर्यंत एकांकिका तयार होते. मीं स्वतः विद्यार्थिदशेंत असेंच केलें होतें. तेव्हां या पद्धतीची थट्टा करण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु इतकीं वर्षें मुलांच्या तालमी पाहिल्यानंतर माझें मत असें झालें आहे कीं, ज्या मजकुराखालीं रेघ ओढली जात नाहीं त्याच मजकुरांत बहुधा कथा असते.

गेल्या वर्षीं आमच्या नाट्यवर्गांतील बारा मुलामुलींबरोबर दोन कथा रंगभूमीवर आणण्याचा उद्योग मीं केला. पहिली अंतोन चेखव याची, १८८६ सालीं प्रसिद्ध झालेली व इंग्रजी भाषांतरांत 'मिझरी' या नांवानें आपल्याकडील वाचकांच्या परिचयाची असलेली. दुसरी अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं'. एक पीटर्सबर्गच्या बर्फांतली, दुसरी मुंबईच्या उपनगरांतली. दोहोंत साम्य इतकेंच कीं दोन्हींचे नायक पोटासाठीं शहराच्या आश्रयाला आलेले श्रमजीवी आहेत, आणि दोन्ही कथा विद्यार्थ्यांच्या हातून हमखास बिघडतात. त्या कां बिघडतात याचा विचार करतां करतां जें कांहीं सुचलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

चेखवची कथा अवघ्या चार-पांच पृष्ठांची आहे. योना नांवाचा एक म्हातारा गाडीवान. त्याचा जवान मुलगा त्याच आठवड्यांत ज्वरानें वारला आहे. दिवेलागणीची वेळ, बर्फ भुरभुरत आहे, योना व त्याची मरतुकडी घोडी रस्त्याच्या कडेला निश्चल आहेत. एक लष्करी अधिकारी गाडींत बसतो. योना त्याला मुलाची वार्ता सांगूं पाहतो. तो कशानें गेला एवढें विचारतो आणि पुढें डोळे मिटून घेतो. मग तीन दंगेखोर तरुण येतात, त्यांतला एक कुबडा. ते शिव्या देतात, योनाच्या मानेवर ठोसा बसतो, आणि मरण काय सर्वांनाच आहे असें म्हणून ते मोकळे होतात. पुढें एक दरवान त्याला हटकून वाटेला लावतो. अड्ड्यावर परतल्यावर तहान लागून उठलेला एक तरुण गाडीवान योना बोलत असतांनाच पांघरूण डोक्यावर ओढून झोपीं जातो. शेवटीं योना तबेल्यांत जातो आणि घोडीला सांगूं लागतो. एवढीच गोष्ट.

मीं जेव्हां हिचें रूपांतर केलें तेव्हां योनाचा पुणें स्टेशनावरील टांगेवाला केला आणि बर्फाच्या जागीं पाऊस घातला. ऑथेल्लोचा झुंझारराव करणाऱ्या देवलांच्या भाषेंत आपण लिहितों, तेव्हां रशियन गाडीवानाला मुंडासें बांधणें म्हणजे फारसें धाडस नव्हे, असें मला वाटलें. मुंडासें शोभलेंही. घात केला तो पावसानें. पाऊस आवाज करतो. पावसांत माणसें धांवतात, छत्र्या उघडतात, आणि टांगेवाल्याला गिऱ्हाइकांची वाण नसते. बर्फ मात्र आवाज न करतां माणसावर सांचत राहतें; झटकलें नाहीं तर तसेंच राहतें. योनाच्या खांद्यांवरचें बर्फ पाहूनच त्याला हलण्याचें भान उरलेलें नाहीं हें वाचकाला कळतें. माझा टांगेवाला पावसांत भिजत उभा राहिला तेव्हां तो दुःखी न दिसतां नुसता वेडा दिसला. वेष बदलतां येतो, भाषा बदलतां येते. ऋतु बदलतांना मात्र त्या ऋतूनें कथेंत कोणतें काम पत्करलें आहे तें आधीं पाहावें लागतें, हा धडा मला तेव्हां मिळाला.

पण याहून मोठा प्रमाद पुढेंच आहे. कथेच्या उत्तरार्धांत योना मनाशीं म्हणतो कीं ही गोष्ट नीट, सावकाश सांगितली पाहिजे: मुलगा आजारी कसा पडला, त्यानें काय सोसलें, मरण्यापूर्वीं काय बोलला, प्राण कसा गेला, मग अंत्यविधि, मग मुलाचे कपडे आणावयास इस्पितळांत जाणें, गांवीं राहिलेली मुलगी. ऐकणाऱ्यानें उसासा टाकला पाहिजे, हळहळलें पाहिजे. लेखक या साऱ्याची केवळ यादी देतो. दुःखाची अनुक्रमणिका छापली आहे, पण पुस्तक मिटलेलेंच आहे. एकोणीस वर्षांच्या मला ती यादी म्हणजे आमंत्रण वाटलें. जें चेखवला साधलें नाहीं तें आपण लिहावें, या उत्साहानें मीं यादींतील एकेक कलम घेऊन टांगेवाल्याला घोड्यासमोर नऊ मिनिटांचें भाषण दिलें. नट माझा मित्र होता. त्याचा आवाज चांगला, आणि डोळ्यांत पाणी आणण्याची कला त्याला उपजतच अवगत होती. नाट्यगृहांत सर्वत्र हुंदके ऐकूं आले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेंत लेखनाचें पारितोषिक मिळालें.

त्या रात्रीं पडद्यामागें अभिनंदनाची गर्दी ओसरल्यावर आमचे इंग्रजीचे वृद्ध प्राध्यापक आंत आले. मजपाशीं उभे राहून त्यांनीं अगदीं सौम्यपणें विचारलें, "त्याचें कोणी ऐकून घेतलें नाहीं, हीच ना रे गोष्ट? मग आम्ही तीनशें लोक इतका वेळ काय करीत होतों?"

तेव्हां मला त्या प्रश्नाचा राग आला होता. आज वाटतें, कथेच्या नाट्यीकरणाविषयीं मीं वाचलेल्या सर्व ग्रंथांत मिळून इतकी नेमकी टीका नाहीं. कथा वाचणारा एकटा असतो. योनाच्या मनांत काय आहे तें त्याला कळतें खरें, पण तें योनाकडून नव्हे, लेखकाकडून, दबक्या आवाजांत. योना स्वतः कोणापाशीं कांहीं बोलूं शकलेला नाहीं ही वस्तुस्थिति तशीच राहते. नाट्यगृहांत मात्र ऐकणें ही सार्वजनिक क्रिया आहे. तेथें उच्चारलेलें प्रत्येक वाक्य ऐकलें गेलेलें असतें, त्यासाठीं तिकीट काढलेलें असतें, आणि चांगलें उच्चारल्यास त्याला टाळीही पडते. ज्या माणसाला श्रोता मिळत नाहीं त्याला आपण तीनशें श्रोते दिले कीं त्याचें दुःख तेथेंच संपलें. शब्द मी म्हणाल त्या गुणवत्तेचे लिहिले असते तरी परिणाम हाच झाला असता. किंबहुना ते जितके चांगले, तितकी हानि अधिक. घटना, पात्रें, क्रम, सर्व कांहीं मूळाबरहुकूम ठेवूनही मीं कथा उलटी केली होती.

म्हणून आतां विद्यार्थ्यांना मी प्रथम 'काय घडतें?' असें विचारीत नाहीं. कोण कोणाला सांगत आहे, काय सांगावयाचें राहून जात आहे, आणि आपण वाचक म्हणून या सांगण्याच्या कोणत्या बाजूला बसलों आहों, एवढें त्यांनीं आधीं लिहून आणावें असा माझा आग्रह असतो. मुलांना याचा कंटाळा येतो. त्यांना तालीम हवी असते, टिपण नको असतें. आणि त्या वयांत मलाही तें नकोच वाटलें असतें.

यावरून मी मूळाला अक्षरशः चिकटून राहण्याचा कैवारी आहें असा कोणी समज करून घेऊं नये. खुद्द चेखवनेंच आपल्या कांहीं कथांचीं छोटीं नाटकें केलीं, आणि तीं करतांना मूळ कथेची मुळींच भीड ठेवली नाहीं. १८८७ ची त्याची एक विनोदी कथा इंग्रजींत 'ए डिफेन्सलेस क्रीचर' या नांवानें ओळखली जाते. संधिवातानें पाय ठणकत असलेला एक बँकेचा अधिकारी, आणि नवऱ्याच्या पगारांतून कापलेले पैसे मागावयास भलत्याच कचेरींत आलेली एक चिवट बाई. तिला हजार वेळां समजावूनही ती हटत नाहीं, आणि शेवटीं पदरचे पैसे देऊन तिला घालविण्याची त्याच्यावर पाळी येते. १८९१ सालीं चेखवनें हिचीच 'ज्युबिली' ही एकांकिका केली. तींत त्यानें काय केलें पाहा. त्याच दिवशीं बँकेचा पंधरावा वर्धापनदिन आणून बसविला. भागीदारांचें शिष्टमंडळ मानपत्र घेऊन केव्हांही दारांत उभें राहील अशी स्थिति केली. अहवाल लिहीत बसलेला एक चिडखोर कारकून निर्माण केला. आणि प्रवासाहून नुकतीच परतलेली, तोंडाला खंड नसलेली अधिकाऱ्याची बायको त्यांत सोडून दिली. बाईचा चिवटपणा कथेंत स्वतःच्या बळावर चालतो, कारण वाचकाला कोठें जावयाचें नसतें. रंगभूमीवर त्याच चिवटपणाला घड्याळ लागतें. शिष्टमंडळ येणार आहे म्हणून तिचें प्रत्येक वाक्य आपल्याला महाग वाटूं लागतें. आणि तें येतें तें अर्थातच सर्वांत वाईट क्षणीं.

लेखकानें स्वतःच्या कथेंत इतकी मोडतोड केली तरी कथा बिघडली नाहीं, कारण तिचा प्राण जो चिवटपणा व हतबलता यांचा सामना, तो त्यानें हातचा जाऊं दिला नाहीं. उलट त्याला धार आणली. आणि हाच चेखव 'मिझरी'च्या वाटेस गेला नाहीं. तिचें नाटक त्यानें केलेंच नाहीं. यांतून फार मोठा सिद्धांत काढण्याचें कारण नाहीं. पण मला ही गोष्ट सूचक वाटते.

मग दुसऱ्याच्या कथेशीं आपण किती स्वातंत्र्य घ्यावें? या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्याच देशांत एक अगदीं उलट दिशेचें उत्तर मिळालें. १९७५ सालीं दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या रंगमंडळाकडून देवेंद्रराज अंकुर यांनीं निर्मल वर्मा यांच्या तीन हिंदी कथा 'तीन एकांत' या नांवाखालीं सादर केल्या. त्यांत कथेचें नाटक केलेंच नव्हतें. शब्द मूळ कथेचेच होते. पुढें 'कहानी का रंगमंच' या नांवानें त्यांनीं ही पद्धति अनेक कथांना लावली, आणि त्यांतले कितीतरी प्रयोग हौशी मंडळांबरोबर व विद्यार्थ्यांबरोबर झाले. निवेदनाचीं वाक्यें गाळावयाचीं नाहींत, त्यांचे संवाद करावयाचे नाहींत. 'तो उठला' हें उठणाऱ्या नटानेंच म्हणावयाचें, आणि पुढच्या क्षणीं त्यानें पुन्हा पात्र व्हावयाचें. अमेरिकेंत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत रॉबर्ट ब्रीन या अध्यापकानें याच्या कितीतरी आधीं 'चेंबर थिएटर' या नांवानें शेजारच्याच वाटेनें प्रयोग केले होते. त्यांत निवेदक पात्राजवळ उभा राहतो आणि पात्राला स्वतःलाही नीट न उमगलेलें त्याचें मन बोलून दाखवितो. १९८० सालीं इंग्लंडांतील रॉयल शेक्सपिअर कंपनीनें डिकन्सची 'निकोलस निकल्बी' दोन भागांत, सुमारें साडेआठ तासांत रंगविली, तीही नटांच्या सामुदायिक निवेदनाच्याच आधारावर.

हें ऐकून आमचे कांहीं विद्वान मित्र 'नवी टूम' म्हणून नाक मुरडतात. त्यांनीं सांगलीचें स्मरण ठेवावें. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' केलें तेव्हां सूत्रधार रंगभूमीवर राहून पदांच्या द्वारें कथा पुढें नेई, आणि पात्रें त्या त्या प्रसंगापुरतीं पुढें येऊन आयत्या वेळीं सुचेल तें भाषण करीत. सांगणें व करणें अशीं दोन्हीं कामें तेथें उघडपणें शेजारीं शेजारीं चालत. त्याही आधींपासून आपला हरिदास उत्तररंगांत नलाची कथा लावतांना 'दमयंती म्हणाली' असें म्हणतो, उपरण्याचें टोंक डोक्यावर घेऊन क्षणभर दमयंती होतो, आणि टोंक खालीं सोडून पुन्हा बुवा होतो; यांत कोणाही श्रोत्याचा गोंधळ उडाल्याचें ऐकिवांत नाहीं. १८६१ च्या 'थोरले माधवराव पेशवे'पासून लिहिलेल्या गद्य संवादांचें नाटक आलें, १८८० च्या 'शाकुंतला'पासून सूत्रधार प्रारंभापुरता उरला, आणि सांगणारा मराठी रंगभूमीवरून हळूहळू उठून गेला. तो कोठें गेला असें विचाराल तर व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार व शंकर पाटील यांच्या कथाकथनाच्या कार्यक्रमांना ज्यांनीं गर्दी केली त्यांना तो तेथें भेटला असेल. तेव्हां अंकुर यांनीं परकी वस्तु आणली नाहीं. घरांतल्याच माणसाला पुन्हा माजघरांतून बाहेर बोलावलें.

या पद्धतीचा मी चाहता आहें. परंतु तिची एक खोड सांगितली पाहिजे, कारण विद्यार्थ्यांच्या हातीं ती फार लवकर बळावते. नट म्हणतो, 'योनानें चाबूक उचलला', आणि लगेच चाबूक उचलतो. एकच नाणें दोनदां मोजून दिल्यासारखें होतें. असें दहा मिनिटें चाललें कीं प्रेक्षक ऐकतही नाहीं आणि पाहतही नाहीं. आम्ही तालमींत एक उपाय करून पाहिला. प्रत्येक वाक्य एकदां नुसतें उच्चारावयाचें, हातपाय न हलवितां. मग तेंच वाक्य एकदां नुसतें करावयाचें, शब्द न बोलतां. आणि मग कोणतें ठेवावें तें ठरवावयाचें. बहुतेक वाक्यांचा निकाल लगेच लागतो. बसणें, उठणें, लगाम ओढणें हें शरीराला द्यावें. 'त्याला कां कोण जाणे, तेथून हलवेना' अशा धर्तीचें जें असेल तें आवाजाकडे ठेवावें. अडचण उरते ती थोड्याच वाक्यांची, आणि त्या अडचणींतच खरी मौज आहे. एका मुलीनें 'योनानें चाबूक उचलला' हें वाक्य म्हटलें आणि हात गुडघ्यावरून हलविलाच नाहीं. वाक्य पुढें गेलें, माणूस मागें राहिला. कथेंत योना चाबूक उगारतो तो गरजेपेक्षां संवयीनें. त्या न हललेल्या हातांत ती संवय व तिच्यांतला थकवा दोन्हीं आम्हांला दिसलीं. हें मला सुचलें नव्हतें, हें येथें प्रामाणिकपणें नमूद करतों.

योनाचें काम त्याच मुलीनें केलें. यांतून मराठीची एक सोय ध्यानांत आली. आपल्या भूतकाळी क्रियापदाला लिंग आहे, आणि सर्वनाम गाळलें तरी वाक्य उभें राहतें. 'उठला, दाराशीं गेला' एवढ्यानें भागतें. आणि मुलीच्या तोंडचा तो 'उठला' ऐकतांच बोलणारी निराळी व उठणारा निराळा हें कानाला आपोआप कळतें. निवेदन व पात्र यांच्यांतील हें अंतर राखण्यासाठीं इंग्रजी नटाला आवाज, जागा, दिवे यांची मदत घ्यावी लागते. आमचें निम्में काम व्याकरणानेंच केलें.

अण्णा भाऊंच्या कथेंत अडचणी निराळ्या होत्या. वारणाकाठचा, पहाडासारख्या अंगाचा भीमा मुंबईच्या उपनगराजवळ खाणींत दगड फोडून पोट भरतो. खाण बंद पडते. स्मशानांतल्या राखेंत सोनें सांपडतें हें त्याला एके दिवशीं कळतें, आणि तो रात्रीं मढीं उकरूं लागतो. एका रात्रीं कोल्ह्यांशीं झुंज देऊन तो प्रेतापर्यंत पोंचतो, आणि तोंडांतलें सोनें काढतांना त्याचीं बोटें प्रेताच्या जबड्यांत अडकतात. ही कथा मुलांनीं प्रथम बसविली तेव्हां धूर आला, निळे दिवे आले, कोल्हेकुई आली. आणि पडदा पडला तो जबडा मिटतांच, किंकाळीवर. वर्गांतल्या सर्वांना प्रयोग आवडला. मला त्यांत भीमाची भूकच कोठें दिसेना. दिसलें तें एक भूतनाट्य.

पडदा कोठें पाडावा यावर आमचा चांगला तासभर वाद झाला. मुलांचें म्हणणें असें कीं जबडा हाच परमोत्कर्षाचा बिंदु. त्यानंतर प्रेक्षक खुर्चींत थांबणार नाहीं. नाट्यशास्त्राच्या दृष्टीनें त्यांचें चुकत नव्हतें. परंतु अण्णा भाऊंची कथा तेथें थांबत नाहीं. भीमाचीं दोन बोटें तोडावीं लागतात, आणि त्याच सुमारास बातमी येते कीं खाण पुन्हा सुरू झाली. ज्या हातानें दगड फोडावयाचा तो हात निकामी झाला, आणि दगड फोडण्याचें काम परत आलें. तो पहाडासारखा गडी पोरासारखा रडतो तो येथें; स्मशानांत तो रडलेला नाहीं. पडदा जबड्यावर पाडला तर ही एका धाडसी चोराला मिळालेल्या शिक्षेची गोष्ट होते. पुढचीं चार वाक्यें ठेवलीं तर शिक्षा कोणाला झाली आणि गुन्हा कोणाचा, हे प्रश्न उभे राहतात. 'मिझरी'मध्यें मीं जें नव्हतें तें घालून कथा बिघडविली होती. येथें मुलें जें होतें तें काढून बिघडवीत होतीं. प्रमाद एकाच जातीचा: दोन्हीकडे टाळी कोठें पडेल इकडे कान होता.

शेवटीं आम्हीं धूर काढून टाकला, निळे दिवे विझविले, आणि जबड्यानंतर साध्या पांढऱ्या उजेडांत तीं उरलेलीं वाक्यें तीन मुलांनीं उभ्याउभ्या सांगावींत असें ठरविलें. हा भाग आम्हांला साधला असें मी म्हणणार नाहीं. किंकाळीनंतरच्या शांततेंत लोक खोकूं लागले, कोणी चपला चांचपूं लागले, आणि खाणीच्या बातमीचें वाक्य त्यांत अर्धें बुडालें. कदाचित् किंकाळीच कमी करावयास हवी होती. तेवढें आत्मबल मजपाशीं नव्हतें, कारण ती किंकाळी फारच चांगली होती.

याच कथेच्या तालमींतली एक गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे. अण्णा भाऊंचें निवेदन प्रमाण भाषेच्या वळणाचें आहे आणि संवाद बोलींतले आहेत. भीमाचें काम करणारा मुलगा सांगली जिल्ह्यांतल्या एका खेड्यांतून आलेला. गेल्या तीन वर्षांत त्यानें आपले 'न' आणि 'ण' मोठ्या कष्टानें घासून पुसून घेतले आहेत, आणि त्यांत आमच्यासारख्या अध्यापकांचा हात आहे. निवेदन तो स्वच्छ म्हणे. भीमाचे संवाद आले कीं मात्र त्याच्या तोंडून दूरचित्रवाणीवरच्या विनोदी गांवकऱ्याची भाषा निघे; हेल ओढलेले, मान वांकडी. स्वतःच्या घरची बोली तो परक्याची नक्कल केल्यासारखी बोलत होता. मीं त्याला एवढेंच विचारलें, "तुझे वडील हें कसें बोलतील?" तो गप्प झाला. मला वाटलें, मीं त्याला दुखावलें. आणि त्या संध्याकाळीं तो लवकर निघूनही गेला. दुसऱ्या दिवशीं त्यानें भीमाचीं वाक्यें अगदीं हळू, कसलाही हेल न काढतां म्हटलीं. तालमीच्या खोलींत कोणी हंसलें नाहीं. त्यानंतर निवेदनांतून संवादांत जातांना त्याचा आवाज बदलेनासा झाला. बदले ती फक्त भाषा. नाट्यीकरणाच्या कलेशीं याचा काय संबंध असें कोणी विचारील. मला तो पुष्कळ वाटतो.

आतां पुन्हा योनाकडे. घोडीचें काय करावें यावर अनेक सूचना आल्या: मुखवटा, दोन मुलें एका घोंगडीखालीं, नुसता खुरांचा आवाज. अखेर आम्हीं एका खुंटीला तोबरा टांगला आणि त्यामागें कांहींच ठेवलें नाहीं. ऋतु या खेपेस बदलला नाहीं. बर्फही दाखविलें नाहीं. त्याचें वाक्य तेवढें दोनदां, मध्यें अंतर ठेवून, निवेदकानें म्हटलें. शेवटीं योना उठून तोबऱ्याशीं जातो आणि प्रेक्षकांकडे पाठ करून बोलूं लागतो. पहिलीं दोन-तीन वाक्यें ऐकूं येतात, तीं कथेंत आहेत तेवढींच. मग आवाज उतरत उतरत इतका खालीं येतो कीं पहिल्या रांगेलाही शब्द लागत नाहींत. फक्त पाठ दिसते, आणि मधूनमधून हात हलतांना दिसतो. निवेदक कथेचें अखेरचें वाक्य म्हणून निघून जातो. ती तशीच बोलत राहते. दिवे लगेच मालवावयाचे नाहींत, मिनिटभर तसेच ठेवावयाचे, असें आम्हीं ठरविलें होतें. मिनिट हा फार मोठा काळ असतो, हें त्या दिवशीं मला समजलें.

प्रयोग संपल्यावर तिसऱ्या रांगेंतले एक वृद्ध गृहस्थ मजकडे आले. मुलांचें त्यांनीं मनापासून कौतुक केलें, आणि मग जरा तक्रारीच्या सुरांत म्हणाले, "सगळें छान झालें हो, पण शेवटचें कांहीं ऐकूंच आलें नाहीं. आम्ही अगदीं कान देऊन बसलों होतों. पोरीला जरा मोठ्यानें बोलावयास सांगा ना." मीं सांगतों म्हणालों. ती मुलगी मागेंच रंग पुसत उभी होती. तिनें हें ऐकलें.

"उद्यां मोठ्यानें बोलूं का, सर?" तिनें विचारलें.

मीं 'नको' म्हटलें. आणि मग, इतकीं वर्षें राहून गेलेलें तिला विचारलें, तूं तेथें पाठ करून काय बोलतेस? ती म्हणाली, "तें नाहीं सांगणार."